नारळाचे पाणी आणि कोरी चिप

आमच्या शिरूरच्या शाळेतले प्रयोगशाळा परिचर सोपानमामा कोणतेही यंत्र उघडण्याआधी चष्मा काढून ठेवत. "आधी कान लावायचा बाई, मंग डोळं," असे ते मला सांगत. मुलांनो, मी मुख्याध्यापिका, त्यातून इंग्रजीतून शिकलेली. त्यांचे ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

नव्वदच्या आसपास शाळेला एक संगणक मिळाला. टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवरून भरायचा. बिघडू नये म्हणून आम्ही मुलांना त्याला हात लावू देत नसू. दसऱ्याला मात्र यथासांग पूजा केली. नारळ मीच फोडला, बरोबर कीबोर्डच्या वर. "बाई, बाजूला फोडा, पानी आत जाईल," मामा म्हणाले. मी त्यांना पूजेचे पावित्र्य समजावून सांगितले. संगणक त्याच दिवशी बंद पडला. अहवालात मी सुवाच्य अक्षरात 'परिचराचा निष्काळजीपणा' असे लिहिले. मामांना घंटेवर बसवले. निवृत्तीपर्यंत त्यांची घंटा मिनिटभरही चुकली नाही. असा तो निष्काळजी माणूस.

नंतर ते दौंडला मुलीकडे राहू लागले. काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले, तर टेबलावर एक कोरी चिप. मामांनी समजावले, तिच्यात जुन्या संगणकाची रचना लिहून भरली की ती तोच संगणक होते. नको झाला की पुसायचे, दुसरा भरायचा.

"अहो, हल्लीच्या कॉम्प्युटरवर त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम मिळतो," मी ज्ञान दिले.

"त्ये सोंग, बाई. ही आतनं तशी व्हते."

"पण एवढी खटपट कशाला?"

"गावात अजून म्हंत्यात, सोपानानं कॉम्प्युटर मारला. चालू करून दावतो."

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांनी तो चालू करून दाखवला. कॅसेट किरकिरली आणि टीव्हीवर माझ्या भूमितीच्या धड्यातला त्रिकोण उमटला. अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, "ज्यानं बिघडवला, त्यानंच नीट केला." मामा खाली मान घालून वायर गुंडाळू लागले.

मी उठले. पाणी माझ्या हातून सांडले, अहवाल मी खोटा लिहिला, असे माईकवर सांगितले.

अध्यक्षांनी हात जोडले. "बघा बाईंचा मोठेपणा. शिपायाची चूक आजही स्वतःवर घेतात."

टाळ्या थांबेनात. मला शालही मिळाली.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "मामा, मी खरं सांगितलं हो."

"ऐकलं की. तवा तुमचं खोटं समद्यांनी खरं मानलं. आता खरं बोललात, तर त्येबी तुमच्याच अंगावर शोभलं."

मामा गेले तेव्हा शोकसभेत बोलायला मला बोलावणे आले. मी गेले नाही. इथे लिहिते आहे. वाचून तुम्ही तरी 'आजी किती मोठ्या मनाची' असे म्हणू नका.