मोहन्याला, गुरुवारच्या आधी

नौपाड्यातून निघताना मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं, रिक्षात बसल्यावर छत्री विसरल्याचं आठवलं आणि स्टेशन येईपर्यंत मनात नको नको ते येऊन गेलं. माझा स्वभावच तसा. नवरा म्हणतो, हिच्या डोक्यात सगळी संकटं घडून जातात, बाहेर घडायला काही उरतच नाही. या वेळी मात्र काळजीला कारण होतं. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या नंदिनीचं गुरुवारी ठाण्यात हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि मंगळवार उजाडला तरी तिच्या घरचं कुणी फोन उचलत नव्हतं.

आमच्या चर्चतर्फे तिथे गरीब मुलांसाठी एक केंद्र चालतं. एकेका मुलाची जबाबदारी चर्चमधलं एकेक घर घेतं. शाळेची फी, शाळेनंतरचा अभ्यास, पोटभर जेवण, वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी. मुलाचा धर्म कुणी विचारत नाही. नंदिनी माझ्या वाट्याला आली तेव्हा पहिलीत होती. यंदाच्या तपासणीत डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. हृदयाला छिद्र निघालं. आता बुजवलं तर पोरगी धडधाकट होईल, रेंगाळत राहिलो तर पुढे जड जाईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

कल्याणला स्टेला स्कूटर घेऊन उभी होती. केंद्राचं काम तीच बघते. तरुण, चटपटीत, आणि माझ्या काळजीला अजिबात भीक न घालणारी.

"आंटी, घट्ट धरा हं. रस्ता जाम बेकार आहे."

शहाड मागे पडलं. भाद्रपदातलं ऊन पाठ भाजत होतं आणि खड्ड्यांत पाणी मात्र तसंच. अशाच एका खड्ड्यात स्कूटर आपटली आणि माझा नवा ड्रेस गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला.

"गावी तर गेले नसतील गं ते?" मी मागून ओरडले.

"तसं असतं तर सांगून गेले असते."

"आणि ही तारीख गेली तर?"

"तर मग दोन-तीन महिने विसरा. सगळं फुल्ल होतं, आंटी. गुरुवार तेवढा मोकळा दिसला, मी पटकन पकडला."

बंद पडलेल्या रेयॉन कारखान्याची भिंत संपता संपत नव्हती. तिच्यावर वेली चढल्या होत्या. एरवी मला ते बघायला आवडलं असतं, पण मी नुसती घड्याळ बघत होते.

नंदिनीच्या चाळीत शिरलो तेव्हा नळावरच्या बाईने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चर्चवाल्या ना तुम्ही?" तिने विचारलं. मी हसून मान हलवली, पण मनात आलं, कुणी या लोकांचे कान तर भरले नसतील? शेवटच्या खोलीच्या पत्र्यावर केळीच्या पानात भात ठेवला होता आणि कावळे त्याच्यावर भांडत होते.

दार नंदिनीच्या आईने, सुरेखाने उघडलं. आम्हाला पाहून तिचा चेहरा उतरला, मग ती घाईने हसली. "या ना मॅडम! फोन बिघडलाय ना..." एवढ्यात फडताळातला तो बिघडलेला फोन खणखणीत वाजला. कुणाचा होता देव जाणे. सुरेखाने तो बंद केला.

नंदिनी कॉटवर चित्र रंगवत बसली होती. मला दाखवायला उठली तर तेवढ्यानेच तिला धाप लागली.

"गुरुवारी आणताय ना हिला?" मी विचारलं.

"हो हो, मॅडम. आणते ना." नजर जमिनीवर.

तिच्या सासूबाईंनी आमच्यापुढे ताटल्या ठेवल्या. खीर आणि घारगे (लाल भोपळ्याच्या गोड पुऱ्या). गरम, खुसखुशीत, भीतीनेही मला भूक लागते. "खावा. आज आमच्या मालकांचं पान व्हतं," म्हातारी म्हणाली.

स्टेलाचा घास हातातच राहिला. "म्हणजे पितृपक्ष चालूये. आजी, गुरुवारी काय आहे?"

"आवस (अमावस्या). सर्वपित्री. पोरीची छाती उघडाया तुमास्नी आवसच घावली व्हय?"

स्टेलाने कपाळावर हात मारला. गुरुवार मोकळा का होता ते आम्हा दोघींना एकदमच कळलं. त्या दिवशी कुणीच ऑपरेशन करून घ्यायला तयार नव्हतं! आमच्या स्वयंपाकघरात चर्चचं कॅलेंडर. त्याच्यावर संतांचे सण असतात, अमावस्या नसते.

"अगं सुरेखा, मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगणार मॅडम?" तिने पोरीला जवळ ओढलं. "तुम्ही तिचं सगळं करता. नाही म्हटलं आणि तुम्हाला राग आला तर? केंद्रातनं नाव काढलं तर? शाळा पण जाईल, ऑपरेशन पण."

मला भयंकर वाईट वाटलं. इतकी वर्षं तिचं 'हो हो' ऐकून मी खूश होत होते. "नाव कुणी काढणार नाही," मी म्हणाले. "तारीख पटली नाही, तर सांग. मी पटले नाही, तर तेही सांग."

"घट बसू द्या," म्हातारी मध्येच बोलली. "मग न्या. म्या सवता येते संगं."

स्टेला बाहेर जाऊन हॉस्पिटलशी बोलली. डॉक्टर बघतो म्हणाले होते, खात्री नव्हती. आम्ही परत निघालो. एका तारखेपायी पोरीचे महिने गेले तर काय करायचं, हे मला सुचत नव्हतं.

ठाण्याला उतरून घरी चालत जात होते तेव्हा स्टेलाचा फोन आला. डॉक्टरांनी एकाला पुढे ढकलून शनिवार दिला होता. मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर टेकले आणि सुरेखाला फोन लावला. तिने लगेच उचलला. शुक्रवारी घट बसतात, शनिवारी ऑपरेशन, मी धडाधड सांगून टाकलं.

सकाळी किती वाजता निघायचं तेही सांगायला लागले.

"नको, मॅडम."

"का गं?"

"शनिवारी नको. ह्यांना सोमवारी सुट्टी असते. पोरगी आत जाताना बाप समोर पाहिजे. सोमवार मिळतो का, विचारा ना."

"विचारते," मी म्हणाले. आणि मिळवायचाच, असं ठरवूनही टाकलं. सुरेखाने मला पहिल्यांदाच 'नको' म्हटलं होतं, आणि ती पोरीला घेऊन येणार याची मला पहिल्यांदाच खात्री वाटली.