तिथून मी उठून आले

स्टाफरूमच्या दारातच मला माझा आवाज ऐकू आला. मोबाईलमधून येत होता. आणि त्याच्या मागे म्हशीचं रेकणं.

विशाल सरांच्या हातात फोन. भोवती बाकीचे मास्तर, दोन मॅडम. स्क्रीनवर मी बोलतेय. मी "मले" म्हटलं की म्हैस रेकायची. "तुले" म्हटलं की पुन्हा. मला पाहून बाकीच्यांनी हसू गिळलं. विशाल सरांनी गिळलं नाही.

"मॅडम, तुम्ही तर फेमस झाल्या! एकदा 'मले' म्हणून दाखवा ना. लाईव्ह."

मी डबा टेबलावर ठेवला. ओठ हसल्यासारखे झाले.  पुढच्या तासाला मी मुलांना पचनसंस्था शिकवली. काय शिकवली, आठवत नाही.

मी वऱ्हाडातल्या किन्हीराजा गावची. गावाबाहेरच्या वस्तीतली. माझी माय दाई होती. जीप मिळाली नाही, नदीला पाणी आलं, की मोठ्या घरांतून मायला बोलावणं यायचं. त्या घरचं लेकरू आधी माझ्या मायच्या हातात पडायचं. मग मायला मागच्या दारानं बाहेर काढायचे. ती गेली की तिच्या मागे अंगण शिंपडायचे. बारशाला तिला बोलावणं नसायचं.

हेच मी समाजमाध्यमावर टाकलेल्या त्या व्हिडिओत सांगितलं होतं. मायच्या शेजारी बसून, आमच्या बोलीत. "माही माय बायंतपनाले आत, बारशाले बाहेर." एवढंच. शिवी नाही, कोणाचं नाव नाही. बायांनी खाली लिहिलं, आमची आजी पण अशीच होती. मला बरं वाटलं. कोणीतरी ऐकतंय असं वाटलं.

मग तो व्हिडिओ जिल्ह्यातल्या एका मोठ्या विनोदी पानाने उचलला. म्हैस त्यांनीच घातली. ते पान आमच्या संस्थाचालकांचा पुतण्या चालवायचा. सगळ्या शाळेला माहीत होतं. त्याने मायच्या हातांभोवती लाल गोल काढला आणि वर लिहिलं, "हात धुतले होते का?"

त्याच्याखाली माणसं हसत होती. कोट्यातली मास्तरीण. हिला मराठी कोणी शिकवली. त्याहून घाण, ते मी लिहीत नाही. त्यातली काही नावं माझ्या ओळखीची होती. रोज ज्यांना नमस्कार करायची, ती.

मी तक्रारीचं बटन दाबलं. उत्तर आलं, आम्ही तपासणी केली, आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. पुन्हा दाबलं. तेच वाक्य, तोच काना, तीच मात्रा. कोणी तपासलं? माणसानं का मशीननं? कोणाला विचारायचं? तिथे विचारायला दार नव्हतं, खिडकी नव्हती.

आणि मग माझंच खातं बंद झालं. माझ्याविरुद्ध खूप तक्रारी आल्या म्हणे. माझा व्हिडिओ गेला. म्हशीवाला राहिला.

मी मायला काही दाखवलं नव्हतं. शेजारच्या सुनेनं दाखवलं. शनिवारी घरी गेले तर माय ओट्यावर बसलेली, दोन्ही हात पदराखाली.

"काय झालं वं माय?"

"काई नाई." मग म्हणाली, "मी तं गरम पान्यानं धुवत होती हात. साबन लावून. तुले माह्यीत हाय नं?"

 जिनं अख्खं गाव जन्माला घातलं, ती लेकीला हात धुतल्याची साक्ष देत होती.

सोमवारी संस्थाचालकांनी ऑफिसात बोलावलं. पुतण्या सोफ्यावर बसला होता. मला खुर्ची दिली नाही.

साहेब गोड बोलत होते. "मॅडम, पालकायचे फोन येऊन राह्यले. जुनं उकरून काढून समाजात भांडन लावनं शिक्षिकेले शोभत नाई. एक छोटा व्हिडिओ करा. गैरसमज झाला म्हना, माफी मागा. शुद्ध मराठीत बोला बरं. पोरगा टाकीन त्याच्या पानावर. विषय संपला."

पुतण्यानं फोन उचललाच होता. कॅमेरा माझ्या तोंडासमोर. "बोला मॅडम. चालू हाय."

 करार माझा दरवर्षी नवा व्हायचा, साहेबांच्या सहीनं. एक मिनिट बोलायचं होतं. वाक्यं तयार होती. पण डोळ्यांपुढे पदर येत होता आणि त्याखालचे हात.

मी कॅमेऱ्यात पाहिलं. म्हणाले, "माह्या मायच्या हातात जन्मलेले लोक या जिल्ह्यात गावोगावी हायेत. माफी त्यायनं मांगाव. मी मांगत नाई. अन् हे शुद्धच मराठी हाय."

फोन खाली आला.

साहेबांचा गोडवा गेला. "पुढच्या वर्षीचा करार विसरा."

"विसरली."

शाळेतून निघाले ते थेट जीपमध्ये बसून शेलूबाजारला, रुबीनाकडे. कॉलेजातली माझी मैत्रीण. तिचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. तिचा फोटो कोणीतरी घाण ठिकाणी चिकटवला होता, तेव्हापासून तीही त्या मोठ्या समाजमाध्यमावरून उठली होती. मी बोलत होते आणि ती मशीन थांबवून ऐकत होती.

मग तिनं तिचा फोन माझ्यापुढे धरला. "इथं ये. हे कोन्या शेठचं नाई. आपल्या वऱ्हाडी लोकायचं सर्व्हर हाय, तिकडच्यासारखंच लिहाचं, व्हिडिओ टाकाचे. अकोल्याचे एक कॉम्प्युटरवाले दादा अन् रिसोडच्या सुनंदाताई, रिटायर नर्स, ते पाह्यतात. असे दुसऱ्यायचे बी सर्व्हर हायेत, पुन्याचे, केरळचे. इथं बसून त्यायच्यासंग बोलता येते. पन आपल्या घरात कोन येईन, हे आपन ठरवतो."

"लोक किती हायेत?"

"कमी. लग्नाच्या एका पंगतीत बसतीन."

मी फोनमध्ये राहिलेला मायचा व्हिडिओ तिथे टाकला, काय झालं तेही लिहिलं. दिवसभर काहीच झालं नाही. ती शांतता मला खाऊन टाकत होती. मग सुनंदाताईंनी लिहिलं, "माय कशी हाय आता?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

पुतण्या तिथेही आला. दुसऱ्या कुठल्या सर्व्हरवर खातं उघडून त्यानं तीच म्हैस आमच्याकडे पाठवली. मला वाटलं, झालं, इथंही तेच.  पण सुनंदाताईंनी ते काढलं आणि मला लिहिलं, "काढलं. तुमच्यापासून लपवायचं नाई म्हनून सांगून राह्यली. पुन्हा येनार नाई." खाली त्यांचं नाव होतं. एका माणसाचं नाव.

माझा भाऊ चिडला. "मैदान सोडून पयाली तू. तिकडं हजारो लोक, इकडं कोन पाह्यते तुले?"

खरं होतं ते. मावशी तिकडे आहे, माझे विद्यार्थी तिकडे आहेत. मी त्यांना गमावलं. अजूनही हुरहुर लागते. पण मी भावाला म्हटलं, "ते मैदान नोयतं. तो त्यायचा वाडगा होता, त्यायच्या कुंपनातला. आपल्याले पाह्याले नाई, दगड माराले बोलावत होते."

आता मी आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात शिकवण्या घेते आणि सुनंदाताईंसोबत सर्व्हर सांभाळते. मागच्या महिन्यात कामरगावच्या एका पोरीनं तिच्या कॉलेजात आडनाव विचारून वेगळं कसं बसवतात, ते आमच्याकडे लिहिलं. दुसऱ्या एका मोठ्या सर्व्हरवरून माणसं तिच्यावर तुटून पडली. तिनं मला लिहिलं, "ताई, मी काढून टाकते माझं."

"नोको काढू," मी लिहिलं. "थांब."

मी त्या सर्व्हरच्या चालकाला सांगितलं, तुमची माणसं आवरा, नाहीतर तुमच्या सर्व्हरशी जोडणी तोडू, मग तिकडचं इकडे येणार नाही. त्याचं उत्तर आलं, फार सभ्य. पोरं गंमत करतात. आमच्याकडे हजारो लोक आहेत. संबंध तोडलात तर नुकसान तुमचंच आहे.

मी ते उत्तर सगळ्यांपुढे ठेवलं. तोडलं तर त्या बाजूचे चांगले मित्रही तुटतील, हेही सांगितलं. रुबीनाचे दोन होते तिकडे. तिनंच पहिल्यांदा लिहिलं, "तोडा." मग बाकीच्यांनी.

मी तोडलं. तशी सूचना लावली आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

त्या पोरीचं लिखाण जागच्या जागी आहे. आमच्याकडे माणसं थोडी आहेत, थोडीच राहतील. उद्या हे सर्व्हर बंद पडलं तर दुसरं उभं करू. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हे आमच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं. आता आम्ही ठरवतो. आमचं चुकेल, तेव्हा आम्हाला विचारा, आम्ही नावानिशी उत्तर देऊ. पण ठरवणार आम्हीच.