उलटं वाचायला शिकवणाऱ्या बाई

आमच्या बाई शिकवायला बसण्याआधी दाराला आतून कुलूप लावायच्या आणि किल्ली सेफ्टी पिनेने मंगळसूत्राला अडकवायच्या. मग त्याच दारावर टांगलेल्या फळ्यावर तारीख घालायच्या. दारावर फळा कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. नववीत होते, गप्प बसायची सवय तेव्हाही नव्हती. बाई म्हणाल्या, "आजींना दार दिसलं की गाव आठवतं. फळा असला की त्यांना ती भिंत वाटते."

आजी म्हणजे बाईंच्या सासूबाई. मूळच्या मालवणकडच्या. त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. मुलाचं नाव विसरल्या, जेवलो की नाही ते विसरल्या, पण गावातलं घर तेवढं पक्कं लक्षात राहिलं. एकदा अनवाणी निघाल्या त्या थेट हायवेपर्यंत गेल्या. ओळखीच्या रिक्षावाल्याने बघितलं म्हणून परत आल्या, नाहीतर काय झालं असतं देव जाणे. तेव्हापासून कुलूप. बाईंचे मिस्टर बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मूलबाळ नव्हतं. मुलुंड पूर्वेला लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या माळ्यावरच्या वन रूम किचनमध्ये या दोघी, आणि संध्याकाळी पाच ते सात आम्ही चार पोरं.

बाई खरं तर शाळेतल्या. इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत बारा वर्षं इंग्रजी शिकवलेल्या, आणि आजींमुळे बिनपगारी रजा घेऊन घरी बसलेल्या. तिथली मुलं त्यांना मिस म्हणायची. आम्ही मराठी शाळेतले, आम्ही बाईच म्हणायचो. आमचं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद होता. नावाचं पहिलं अक्षर मोठं काढायचं हे आम्हाला परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवायचं. बाई म्हणायच्या, "नाव आहे ना ते? मग जरा मान द्या की त्याला." आणि एखाद्याने अर्धं पान न थांबता लिहिलं की, "अरे, फुलस्टॉप द्या रे त्या बिचाऱ्याला, धाप लागलीय बघा." धडा त्यांनी कधी शिकवला नाही. फळ्यावर चुकांनी भरलेला उतारा लिहायच्या आणि आम्ही त्या शोधायच्या. वरच्या कोपऱ्यात एकूण चुकांचा आकडा असायचा. तेवढ्या सापडल्याशिवाय सुटका नाही. सात वाजोत नाहीतर साडेसात, किल्ली त्यांच्या गळ्यात.

क्लासला येताना बाहेरून एक चूक आणायची, हा नियम होता. वहीपेन विसरलात तर चालेल, चूक विसरलात तर नाही. चपला काढायच्या आधीच विचारायच्या, "काय आणलंस?" दुकानाची पाटी, बसवरची जाहिरात, हॉटेलचं मेन्यू कार्ड, जिथे चुकीचं इंग्रजी दिसेल ते जसंच्या तसं उतरवून आणायचं. सुशांत नावाचा एक महाआळशी मुलगा होता, तो रोज चायनीजच्या गाड्यांवरून मंचुरियन आणायचा. एकाच रस्त्यावर मंचुरियनची चार वेगवेगळी स्पेलिंगं आहेत हे त्याच्यामुळे कळलं. बाई पोट धरून हसायच्या. हसून झालं की मग हळूच विचारायच्या, "ही गाडी कुठेशी रे? स्टेशनकडे वळताना? तिथे तर बॅटरीवाला होता." सुशांत म्हणाला, "बाई, तो जाऊन वर्ष झालं. तुम्ही बघितलं नाही?" बाई म्हणाल्या, "हो का," आणि फळा पुसायला लागल्या. मला तेव्हा सुशांतला एक ठेवून द्यावीशी वाटली होती.

पण बाई रडूबाई नव्हत्या हं. भारी खोडकर होत्या. एकदा बाईंच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाणी बंद राहणार असल्याची इंग्रजी नोटीस जिन्यात लावली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एक फुलस्टॉप नाही, आणि मोठी अक्षरं फक्त त्यांच्या स्वतःच्या नावाला. मी ती उतरवून नेली तर बाईंनी कुलूप उघडून लाल पेन माझ्या हातात दिलं. "जा, तपासून ये. दहापैकी मार्क पण दे." मी आणि सुशांतने इमानेइतबारे तीन मार्क दिले. संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात उभे राहून ओरडत होते, "कोणी वाट लावली माझ्या नोटिशीची?" आणि बंद दाराच्या आत बाई तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. पुढे तेच काका नोटीस लावायच्या आधी बाईंच्या दाराखालून आत सरकवायला लागले.

बाईंची चुका शोधायची एक खास पद्धत होती, आणि आज अंधेरीतल्या ऑफिसात दुसऱ्यांचे मजकूर तपासून मी जे पोट भरते ते त्याच पद्धतीवर. बाई उलटं वाचायला लावायच्या. शेवटच्या शब्दावर बोट ठेवायचं, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा, असं करत वर चढायचं. "सरळ वाचलंत की गोष्टीत रमता, आणि रमलात की चूक डोळ्यांसमोरून निघून जाते. काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. कसं लिहिलंय तेवढं बघायचं." महिनाभर आमचं डोकं उठलं. नंतर अशी सवय लागली की समोर प्रेमपत्र ठेवलं असतं तरी आम्ही खालून वर वाचत गेलो असतो.

मी दहावीत गेले त्या वर्षीच्या मे महिन्यात बाईंना शाळेतून फोन आला. एका खोलीत काय लपणार, आम्ही सगळं ऐकलं. जूनमध्ये शाळा सुरू होईल तेव्हा हजर व्हा, नाहीतर जागा सोडा, आम्हाला दुसरी शिक्षिका घ्यावी लागेल, असं मुख्याध्यापिका म्हणत होत्या. बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्या दिवशी त्यांनी आम्हाला शाळेच्या गोष्टी सांगितल्या, कपाटातून कडक इस्त्रीच्या दोन साड्या काढून आम्हाला दाखवल्या आणि विचारलं, "ही निळी बरी दिसेल ना गं पहिल्या दिवशी?" मी आपलं म्हटलं, "बाई, झकास." मनात मात्र धाकधूक, की आता क्लासचं काय होणार.

प्रश्न फक्त सकाळी सात ते दुपारी दोनचा होता. तेवढा वेळ आजींना कोण बघणार? मदतीला एक बाई ठेवून पाहिली, तिला आजी चौथ्या दिवशी चावल्या. मग बाईंनी कांदिवलीच्या धाकट्या दिरांना फोन लावला. जूनपासून निदान काही महिने आईंना तुमच्याकडे न्या, म्हणून अगदी अजिजीने सांगत होत्या. दीर रविवारी येऊन गेले. सोमवारी बाईंनी सहज सांगितल्यासारखं आम्हाला सांगितलं, "भाऊजी म्हणाले, वहिनी, आईला तुमच्याच हाताची सवय आहे." म्हणजे झालं! केवढी सोय बघा त्यांची! कौतुक करायचं आणि सटकायचं. मला त्या माणसाचा आजही राग येतो. बोटीवरून मिस्टरांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, पण फोन ठेवताना बाई एवढंच म्हणाल्या, "बरं. बघते मी."

त्यानंतर तीन दिवस क्लास बंद होता. चौथ्या दिवशी गेलो तर आजी फळ्यापाशी उभ्या. त्या दिवशी त्यांना कसं कोण जाणे, फळ्यामागे दार आहे हे कळलं होतं. सुशांतचा हात धरून, घरी ने म्हणून विनवायला लागल्या, "माका घराक व्हर रे झिला." बाईंनी त्यांना हळूच खुर्चीत बसवलं आणि रोजचंच सांगितलं, "आई, आजची बस गेली. उद्या जावया." मग फळ्याकडे वळल्या आणि एक पत्र लिहून काढलं. इंग्रजीत, दहा-बारा ओळींचं, हातातल्या चुरगळलेल्या कागदावरून बघून. कोपऱ्यात आकडा लिहिला नाही. "आज किती चुका आहेत ते तुम्हीच सांगा," म्हणाल्या.

मी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि वर चढत गेले. चौदा. सुशांतला अकरा सापडल्या, बाकीच्या दोघींना नऊ-नऊ. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. बाईंनी एकेक चूक फळ्यावर दुरुस्त केली आणि माझ्यापुढे कोरा फुलस्केप ठेवला. "तुझं अक्षर चांगलं आहे. नीट उतरवून दे मला. खाली नाव नको घालूस." मी जीभ बाहेर काढून, एक काट न मारता ते उतरवलं. कोणाचं पत्र, कोणाला, कशाबद्दल, काही बघितलं नाही. आमच्याकडे ते बघायचं नसतंच ना! बाईंनी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "एकही चूक नाही. शाबास." मी घरी जाऊन आईला ही शाबासकी तीनदा सांगितली.

जून उजाडला, बाई घरीच. शाळेने रजा वाढवून दिली असेल असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर विचारावंसंही वाटलं नाही. आमचा क्लास चालू राहिला, दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या पुढे मार्क पडले, पेढे देऊन झाले आणि मी कॉलेजच्या नादाला लागले. आम्ही त्यांना बाहेरची एकेक चूक आणून देत होतो आणि आपण फार मोठं काही देतोय असं समजत होतो.

आजी गेल्या तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेराव्यानंतर भेटायला गेले. दार सताड उघडं होतं. बाई पलंगावर नुसत्या बसल्या होत्या, केस अर्धे पांढरे झालेले. मला बघून म्हणाल्या, "ये गं. दोन दिवस झाले, खाली जाऊन येईन म्हणते. जिन्यापर्यंत जाते आणि परत येते." काहीतरी चांगलं बोलायचं म्हणून बोलून गेले, "बाई, आता तुम्ही मोकळ्या झालात. आता शाळेत परत जा ना!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "शाळेचा तर मी तेव्हाच राजीनामा दिला. तूच नाही का लिहून दिलास फुलस्केपवर? मी खाली फक्त सही केली."

एवढ्या वर्षांनी मला ते पत्र पहिल्यांदा सरळ वाचता आलं, वरून खाली. आणि मला संताप आला, त्यांचाच. "असं का केलंत बाई? माझ्याकडून का लिहून घेतलंत? मला सांगितलं असतंत तर मी लिहिलं नसतं!"

"म्हणून तर सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. "तीन दिवस बसले होते गं मी ते लिहायला. हातच चालेना. बारा वर्षं पोरांना शिकवलं आणि शाळेचं नाव धड लिहिता येईना. जे लिहिलं ते तसंच फळ्यावर उतरवलं. रोजच्या चुका मी मुद्दाम घालायचे. त्या दिवशीची एकही मुद्दाम घातलेली नव्हती."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "रडतेस काय वेडे? तुला सगळ्या सापडल्या होत्या की."