अकरा स्क्रू

“लेकीचा लॅपटॉप हाय त्यो, उसाची ट्रॉली न्हवं. बिघडला तर काय तोंड दाखवू तिला?”

पप्पा अंगणात आईला सांगत होते आणि मी आत ओट्याशी चहा गाळत होते. मधली खिडकी उघडी आहे हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

“मग जमायचं न्हाय म्हणून सांगा की तिला,” आई म्हणाली.

“सांगू कसं? तिनं इचारलंय कुटं? नुसता आणून ठिवलाय म्होरं.”

खरं होतं ते. दोन दिवसांपूर्वी मी तो लॅपटॉप बाजेवर त्यांच्या पायाशी ठेवला होता, “हा उन्हात फार तापतो” इतकंच म्हणाले होते आणि आत निघून आले होते. मला मागता येत नाही. वस्तू समोर ठेवायची आणि समोरच्याने ओळखायची वाट बघायची, ही माझी लहानपणापासूनची पद्धत. घरात ती सगळ्यांना पाठ आहे.

तो लॅपटॉप दुकानात दिसतात तसला सडपातळ नाही. विटेसारखा जाड, कोपऱ्यांना रबर, उचलायला मूठ, केबलच्या भोकांना झाकणं. पडला, भिजला, धुळीत लोळला तरी चालावा म्हणून तसा केलेला. आमचं ऑफिस शेतजमिनी मोजून नकाशे करून देतं. तिथे टेबलांवर नवे लॅपटॉप आले तेव्हा जुने शेतात फिरणाऱ्या आम्हाला कायमचे मिळाले; हा माझ्या वाट्याला आला. मंद्रूप, वळसंग, कधी पार मोडनिंब, बांधावर उभी राहून मी तो एका हातावर तोलत काम करते. रंग काळा. गेल्या एप्रिलमध्ये वळसंगच्या एका शेतात त्याच्या झाकणाला मनगट टेकलं आणि तिथे फोड आला. फिका रंग दिला तर कमी तापेल, हे कारण खरंच होतं.

दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पप्पा ट्रॉल्या रंगवतात. मंद्रूप रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये, माझ्या जन्माच्या आधीपासून. साखर कारखाने सुरू व्हायच्या आधी उसाच्या ट्रॉल्या रांगेने येऊन उभ्या राहतात, तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नसते. या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी कामाला मोकळीक दिली, तरी पप्पांनी रंगाच्या गनला हात लावला नाही. वर्कशॉपच्या मालकांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा पप्पा म्हणाले, “ड्रॉप चालू हायत अजून.” ड्रॉपची बाटली संपून तीन आठवडे झाले होते. मीच ती कचऱ्यात टाकली होती.

ऑपरेशननंतर त्यांना नीट दिसायला लागलं, आणि तिथेच अडलं. पट्टी निघाली त्या दिवशी ते आईच्या साडीकडे बघतच राहिले. “ही निळी हाय व्हय? मी हिरवी समजत हुतो.” मग भिंती, शर्ट, दूध, सगळं त्यांनी नव्याने पाहिलं. एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाले, “चार वर्सं मी पांडरा म्हणून काय मारत हुतो, देवच जाणं.” आई हसली. ते हसले नाहीत.

हंगाम तोंडावर आला होता. या वर्षी त्यांनी गन उचलली नाही तर पुढे उचलणार नाहीत, हे मला दिसत होतं. म्हणून तो लॅपटॉप बाजेवर.

त्या सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या उघड्या खिडकीकडे. कप हातात घेतला, दोन घोट घेतले.

“बॅटरी निघती का ह्याची?”

“निघते.”

“काढ मग.”

पुढचे तीन दिवस, ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर, मी दारात बसून ते काम बघितलं. याआधी असं कधी बसले नव्हते. शाळेत असताना पप्पांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम रंगीत असायचं, कधी लाल, कधी निळं. रंग कालवला की पहिला थेंब ते नखावर लावतात, उन्हात धरतात, मगच गनमध्ये ओततात. कागद रंग पितो, पत्रा उगाच चमकवतो, नखावर तो खरा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. माझी शाळा इंग्रजी. पालकसभेला ते अंगठा मुठीत दडवून बसायचे आणि मी तो दडवलेला अंगठा दिसत नसल्यासारखं करायचे. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी “ऑटोमोबाइल” म्हणायचे. मैत्रिणींना वाटायचं आमचं शोरूम आहे.

आधी त्यांनी तो घासला. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, बोटांच्या टोकांखाली धरून, एकाच दिशेने. मध्येच डोळे मिटून वरून तळवा फिरवायचे. “डोळं उगडं असलं की हात आळशी होतो,” म्हणाले. माझ्याआधी ऑफिसात तो वापरणाऱ्याने पाडलेले ओरखडे होते तिथे लांबी भरली. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायचा राखाडी लेप. तो पातळ पात्याने दाबून भरायचा आणि वाळला की घासून सपाट करायचा. रबरी कोपऱ्यांना आणि मुठीला ग्रीस चोळलं. ग्रीसवर रंग धरत नाही, नंतर फडक्याने पुसलं की रबर होतं तसं. ट्रॉलीच्या नंबरप्लेटला ते असंच करतात.

रंग कालवताना मात्र त्यांचा हात थांबला. डब्यात पांढरा, त्यात काडीच्या टोकाने पिवळा, मग किंचित काळा. थेंब नखावर घेऊन उन्हात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मग अंगठा माझ्यापुढे केला.

“ह्यो कसला दिसतोय तुला?”

मला पुष्कळ सांगायचं होतं. वळसंगच्या रस्त्यावर उन्हाळ्यात बाभळीच्या पानांवर जो धुळीचा थर बसतो, अगदी तो रंग होता. माझं सगळं काम त्या धुळीतलं, आणि यावर ती बसली तरी कळणार नव्हती. मी म्हणाले, “फिका बदामी.”

“मला बी तसाच दिसतोय,” ते म्हणाले आणि डबा ढवळायला लागले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, वारा सुटायच्या आत, त्यांनी अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवली. जुन्या फ्रीजच्या कॉम्प्रेसरपासून त्यांनीच बनवलेलं हवेचं यंत्र खडखडायला लागलं. गन झाकणाच्या अलीकडे सुरू व्हायची आणि पलीकडे जाऊन थांबायची; मनगट वळत नव्हतं, खांद्यापासून सगळा हात सरकत होता, रुळावरून जावा तसा. कुठे थेंब नाही, ओघळ नाही. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, मोजायचं म्हटलं की ती कन्नडमध्ये मोजते. रंगाचा एकेक हात झाला की ती पायरीवरून म्हणायची, “ओंदु... यरडु... मूरु. बास की आता, किती मारता?”

“गप. कारागीर तू हायस का मी?”

हे वाक्य पावसाळ्यापासून घरात ऐकू आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लायनिंग. झाकणाच्या कडेपासून बोटभर आत, चौफेर, दोऱ्याएवढी विटकरी रेघ. पट्टी नाही, पेन्सिलची खूण नाही. करंगळी कडेला टेकवून, लांब केसांचा ब्रश दोन बोटांत धरून ते ओढत गेले. एका कोपऱ्यावर धरलेला श्वास पुढच्या कोपऱ्यावर सोडत. चौथी रेघ पहिलीला जिथे मिळाली ती जागा मी नंतर फोनच्या कॅमेऱ्यात मोठी करून बघितली. तरी कळेना.

संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, वरून पाहिला, मग उलटा केला. खालून बोट फिरवलं, परत फिरवलं.

खालची बाजू अंड्यासारखी गुळगुळीत होती. तिथे अकरा स्क्रू होते, खोल भोकांत बसवलेले. पहिल्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर पप्पांनी त्यातलं एकेक भोक लांबीने भरलं होतं, घासलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर रंगाचे तीन हात दिले होते. ट्रॉली रंगवणाऱ्याच्या हिशेबी ते बरोबरच. खड्डा दिसला की बुजवायचा. वेल्डिंगचा सांधा दिसला, रिबीटचं डोकं दिसलं, तर काम कच्चं. लॅपटॉप कधीतरी तिथून उघडावा लागतो हे त्यांना मीच सांगायला हवं होतं, आणि मी दारात गप्प बसले होते.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

“छान झालंय,” मी म्हणाले.

“काय ऱ्हायलं का?”

“नाही. छान आहे.”

माझा आवाज मलाच परका वाटला. मी घरातही शाळेतलीच मराठी बोलते, सरळ, धुतलेली. आणि अडचणीत सापडले की आणखीच. पप्पांनी लॅपटॉप परत घेतला, उजेडात धरून कडा तपासल्या, रेघ तपासली. कुठेतरी चुकलंय आणि ते आपल्याला दिसत नाही, असं त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी मालकांचा तिसरा फोन आला तेव्हा म्हणाले, “अजून अंधुकच हाय.”

पंधरा दिवस मी रोज ठरवत होते की आज सांगायचं. रोज लॅपटॉप पिशवीत घालून निघत होते. शेतात तो खरोखर कमी तापत होता. मंद्रूपच्या एका शेतकऱ्याने रेघेवरून बोट फिरवत विचारलं, “कंपनीतनंच असा येतोय का ह्यो?” मी मान हलवली, हो आणि नाही दोन्ही अर्थ निघतील अशी.

मग नकाशांचं नवीन सॉफ्टवेअर आलं आणि लॅपटॉपची मेमरी वाढवायची ठरली. आमच्या ऑफिसात दुरुस्तीला एक चाचा येतात, शहरातलेच, दखनी बोलणारे. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, लॅपटॉप पालथा केला, सुलटा केला, परत पालथा केला.

“अरे, ये खुलता किधर से जी?”

ऑफिसचे सर उठून आले. मग शेजारच्या टेबलावरच्या दोघी. मग नकाशे काढणारे दोघे. टॉर्च आला. कुणी नखाने टकटक करून पाहिलं.

“सीलबंदच दिलाय वाटतं कंपनीनं.”

“कंपनी कुठली, हिचाच तो जुना काळा. स्क्रू होते की खाली.”

“मग गेले कुठं? हिनं खाल्ले?”

“मॅडम,” चाचा म्हणाले, “किसने करा ये? कौनसी दुकान?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. “ऑटोमोबाइल” म्हणायची वेळ हीच असायची.

“दुकान नाही,” मी म्हणाले. “घरी. पप्पांनी. ते ट्रॉल्या रंगवतात.”

कुणी काही बोलायच्या आत मी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि चाचांना ऐकू जावं म्हणून टेबलावर ठेवला.

“पप्पा, लॅपटॉपच्या खाली स्क्रू होते ना? ते उघडायचेत.”

पलीकडे बाज करकरली. मग, “ते झाकायचं नव्हतं व्हय?”

“कुठे कुठे होते, आठवतं?”

“झाकलेलं ध्यानात ठिवावंच लागतंय की. मूठ पोटाकडं करून पालथा घाल. डाव्या कोपऱ्यापास्नं दोन बोटं आत, दोन बोटं वर. घावला?”

चाचांनी बोटं मोजली, पातं टेकवलं, हलकेच फिरवलं. राखाडी भुगा निघाला आणि खाली स्क्रूचं डोकं चमकलं.

“मिल गया.”

“तितनं सरळ वर वीतभर. त्यो खोल हाय जरा, दमानं. रंग उडवू नका.”

पप्पा घरी बाजेवर बसून सांगत होते आणि चाचा बोटांनी मोजत होते. प्रत्येक वेळी पातं टेकवलं तिथेच स्क्रू होता. सातव्या-आठव्यानंतर चाचांनी “मिल गया” म्हणणंही सोडलं, नुसती मान डोलवायला लागले. अकराच्या अकरा निघाले. टेबलाभोवती कुणी जागचं हललं नव्हतं.

“झालं?” फोनमधून आवाज आला, आता उतरलेला. “चुकलंच माजं. तू त्या दिशी गप बसलीस तवाच वळकलं म्या. नजर न्हाय ऱ्हायली आता, बाई.”

स्पीकर चालूच होता. सगळे ऐकत होते. फोन उचलून कानाला लावावा आणि बाहेर जाऊन बोलावं, असं मला एरवी सुचलं असतं. मी तो टेबलावरच राहू दिला, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं.

“पप्पा,” मी म्हणाले, “हितं सहा जणं टॉर्च घेऊन शोदत हुती. एकालाबी एक स्क्रू घावला न्हाय.”