पत्रिकेवरचा मामा

ती घटना आजही आठवते, ती ताटात तांदळाची भाकरी आली की. बायको म्हणते, "झालं, लागले विचार करायला. जेवा आधी." नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांनी माझी भूक कधी मारली नाही. ही केस कागदावर किरकोळ होती, पण तिने मला चांगलंच वठणीवर आणलं.

तेव्हा मी पनवेलमध्ये सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसतो न बसतो तोच एका सरकारी कार्यालयातले अधिकारी फिर्याद घेऊन आले. दारातूनच हसून म्हणाले, "ओळखलंत ना साहेब? मागच्या महिन्यात हळदीला आपण एकाच पंगतीत होतो." ओळखलं. मी चहा सांगितला.

फिर्याद अशी होती. मुलींच्या सरकारी वसतिगृहाच्या जेवणाचा ठेका द्यायचा होता. खाडीकाठच्या एका गावातल्या महिला बचत गटाची निविदा कागद अपुरा म्हणून बाद झाली. गटाची अध्यक्ष जाब विचारायला आली, तिने शिवीगाळ केली, फाईल भिरकावली आणि साहेबांचा हात पिरगाळला. साक्षीदार त्यांचाच शिपाई. सरकारी कामात अडथळा, कलम तीनशे त्रेपन्न, अजामीनपात्र. सगळं टाइप केलेलं, मुद्द्यांना क्रमांक घातलेले. ज्याला खरोखर कोणी हात लावलेला असतो तो माणूस इतका नीटनेटका येत नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं. पण चहा पोटात गेला होता. मी गुन्हा नोंदवून घेतला.

बाईंना नोटीस देऊन बोलावलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी. महिला हवालदार शेजारी बसवली आणि जबाब घ्यायला सुरुवात केली.

"तुम्ही साहेबांचा हात धरलात?"

"तुमी लिवा जे लिवायचं ते."

"निविदेत कागद का कमी होता?"

"मला काय बोलायचं नाय."

दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा हेच. माझा पारा चढला. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, दोषारोपपत्र कोर्टात गेलं की तुमच्या गटाला कोणतंच सरकारी कार्यालय दारात उभं करणार नाही, नऊ बायकांचं काम जाईल. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या. गप्प बसतो तो अपराधी, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी दोषारोपपत्राचा मसुदा करायला घेतला.

महिला हवालदाराने मला थांबवलं. "सर, रागावू नका. ती बाई बाहेर बाकड्यावर माझ्याशी घडाघडा बोलते. तुम्ही आलात की तोंड मिटते."

हे मला झोंबलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा कागद बाजूला सारले आणि सरळ विचारलं, "ताई, माझ्यावर तुमचा राग आहे का?"

"राग नाय साहेब. पन तुमाला सांगून काय व्हनार? तुमी त्यांचंच मानूस. हळदीला जेवले ना तुमी? त्या भाकऱ्या आमच्या गटाच्याच. मंडपामागं आमी नऊ जनी थापत व्हतो. तुमच्या खांद्यावर शाल घातली ते पन बगितलं."

"हो, पण त्याचा इथे काय संबंध?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी सोंग घेतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. "ठेका कोनाला गेला ठावं नाय तुमाला? ज्याच्या पोरीची हळद व्हती, त्यालाच. आनि ह्यो साहेब त्या पोरीचा सख्खा मामा. पत्रिकेवर छापलंय, बगा."

पोलीस ठाण्यात लग्नपत्रिकांचा ढीग येतो. आम्ही त्या टाकत नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर टिपणं काढतो. ती पत्रिका माझ्याच खणात निघाली. मागे मी कुठल्याशा ट्रकचा नंबर लिहून ठेवला होता. पुढे नातेवाइकांची लांबलचक यादी, आणि मामांमध्ये पहिलं नाव फिर्याद देणाऱ्या साहेबांचं, हुद्द्यासकट. महिनाभर ती माझ्या गुडघ्याजवळ पडून होती.

मग पत्र देऊन निविदेची फाईल मागवली. निविदा समितीतल्या प्रत्येकाला लिहून द्यावं लागतं की निविदा भरणाऱ्यांत माझा कोणी नातेवाईक नाही. साहेबांनी ते झोकदार सहीनिशी दिलं होतं. आणि बाईंचा जो अनुभवाचा दाखला नाही म्हणून निविदा बाद केली, तो कार्यालयाने शिक्का मारून दिलेल्या पोचपावतीत चक्क नोंदलेला होता.

साहेबांना बोलावलं. या वेळी चहा सांगितला नाही. पत्रिका पुढे ठेवली.

"मानलेला मामा आहे हो मी. लोक प्रेमाने छापतात."

"मग छापू नका म्हणायचं होतंत."

"तसं कसं म्हणणार? माझं नाव नसतं तर आमच्या आईने मांडवात पाऊल टाकलं नसतं."

"तुमच्या आई नवरीच्या कोण?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला. समितीच्या कागदावर त्यांनी नातं बिनबोभाट दडवलं, पण पत्रिकेवर दडवायची त्यांची छाती झाली नाही. आमच्याकडे मामाचं नाव गाळलं तर दहा वर्षं घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यानंतर शिपायानेही खरं सांगितलं. बाईंनी पोचपावती टेबलावर ठेवून "यातला कागद गेला कुठं" एवढंच विचारलं होतं. उलट साहेबांनीच बाईंचा हात झटकला होता.

आता राहिलो मी. हितसंबंध लपवणाऱ्या माणसाचा जबाब मी लिहून घेत होतो आणि त्याच्याच मेहुण्याच्या घरची शाल माझ्या कपाटात होती. मला लाज वाटली. मी वरिष्ठांना लेखी कळवलं की ठेकेदाराच्या घरी मी पाहुणचार घेतला आहे, तपास दुसऱ्याकडे द्यावा. ते वैतागले. "हळदीला न गेलेला अधिकारी पनवेलमध्ये आणू कुठून?" शेवटी विदर्भातून नुकताच बदलून आलेला एक जण सापडला. त्याने तपास पुरा केला, फिर्याद खोटी असल्याचा अहवाल कोर्टात दिला आणि बाई सुटल्या. साहेबांची खातेनिहाय चौकशी लागली. ठेका रद्द होऊन नवी समिती बसली, आणि या खेपेला बाईंच्या गटाची निविदा मंजूर झाली.

तो अधिकारी जाणूनबुजून खोटं बोलला. माझं तसं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागतं. "तुमचा या प्रकरणात काही हितसंबंध आहे का" असा कागद कोणी माझ्यापुढे ठेवला असता, तर मी बेधडक 'नाही' लिहून सही केली असती. आणि एका निर्दोष बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं असतं.

कोर्टाच्या आदेशाची प्रत न्यायला त्या ठाण्यात आल्या, तेव्हा मी विचारलं, "ताई, हळदीला एवढी माणसं होती. त्यात मीच बरा तुमच्या ध्यानात राहिलो?"

"तुमी सोता मंडपामागं आले व्हते साहेब, आनखी भाकरी मागायला. म्हनले, कोनाच्या हातच्या हायत, लय मऊ हायत. मी म्हनलं, माज्या."

मला ते काही केल्या आठवेना.