‘आई’ हिंदीत गेली

आमचे दत्तोपंत सोवनी भुतांचे लेखक झाले ते एका शब्दापायी. तीन कादंबऱ्या, दोन पटकथा, मुंबईहून येणाऱ्या तारा, हे सगळं इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या गिरणीच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणाऱ्या कारकुनाच्या नशिबी! स्वतः दत्तोपंत पालीलाही घाबरत.

पहिलं पुस्तक त्यांनी आईवर लिहिलं. ते सात वर्षांचे असताना ती गेली. तेराव्यानंतर मुलगा पहिल्यांदा शाळेत जातो, परत येतो आणि सवयीने दारातून हाक मारतो, ‘आई! आई!’ घर रिकामं. इथे पुस्तक संपतं. मी वाचून रडलो होतो, खोटं कशाला सांगू?

मध्य भारत राज्य नुकतंच झालं होतं, जिकडे तिकडे हिंदी. मल्हारगंजातल्या लक्ष्मणजी प्रकाशकांनी पुस्तक हिंदीत आणलं. भाषांतर करणाऱ्या महाभागाने सगळं बदललं, ‘आई’ तेवढी तशीच ठेवली. आता हिंदीत ‘आई’ म्हणजे ‘आली’! मेलेल्या बाईच्या रिकाम्या घरापुढे पोरगं ओरडतंय, ‘आली! आली!’ वाचणाऱ्यांची बोबडीच वळली.

“पंतजी, क्या डरावनी किताब लिखी भिया आपने!” लक्ष्मणजी म्हणाले. “अब ऐसी ही दूसरी दीजिए.”

दत्तोपंत गोंधळले ते कायमचे. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. दुसरी लिहिली, तिसरी लिहिली, पहिलीची पटकथाही केली. तो सिनेमा इंदुरात लागला तेव्हा ‘आई!’ ऐकून बायका किंचाळल्या, आणि हे माझा हात धरून विचारतात, “मी नक्की काय लिहिलं होतं हो?”

त्यांचा जीव अडकला होता तो सुलोचनाताईंत. ताई सहा वर्षांनी मोठ्या. आईमागे त्यांनीच भावाला वाढवलं. पुस्तक आल्यापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. तीन भाऊबीजा कोरड्या गेल्या. “मी आईची चुडैल केली ना, म्हणून रागावलीय,” दत्तोपंत म्हणायचे. ताई तुटली तर आपलं म्हणायला कोणी उरणार नाही, हे त्यांना कळत होतं. चौथ्या भाऊबीजेला मला साक्षीदार म्हणून घेऊन ते त्यांच्या घरी गेले.

दारातच त्यांनी भाषांतराची सगळी कर्मकहाणी सांगितली. ताईंनी ती ऐकून घेतली.

“छोड रे ते हिंदी-बिंदी. मी मराठीच वाचलं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तू हाक मारलीस तेव्हा मी चुलीपाशी होते. मी ओ दिली, दत्तू. मग रोजच देत राहिले. आणि तुझ्या पुस्तकात घरात कोणीच नाही.”

ताईंनी डोळे पुसले, पाट मांडला, भावाला ओवाळलं.

परतताना दत्तोपंत म्हणाले, “हाक मला अजून ऐकू येते. ओ आठवतच नाही हो.”