घसा बसला होता, एवढंच

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी विचारलं तर म्हणायचो, कुमुदला ताप आला आणि ती गेली. आज खरं लिहितो, कारण त्याच गोळ्या आजही पुष्कळ घरांत असतील.

झाशीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझ्या बायकोचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट पाहिला. "थायरॉइड की गोली कब बंद की?"

"बंद कहाँ की? आज सुबह भी दी है."

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला. "इनके न्यूट्रोफिल लगभग खत्म हैं, बाबूजी."

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी आधी भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी. विषाणूंचे आजार, केमोथेरपी, अस्थिमज्जेचे विकार, कशानेही त्या घटतात. कुमुदच्या घटल्या कार्बिमाझोलने, वाढलेल्या थायरॉइडवरच्या गोळीने. असं क्वचितच होतं. म्हणूनच सुरुवातीला बजावलं होतं: ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी रक्त तपासा.

मी ते विसरलो नव्हतो.

झाशीतल्याच सीपरी बाजारात, आमच्या वस्तीत, मूठभर मराठी घरांचा गणपती बसला होता. आरत्या कुमुदच उचलायची. नव्या पोरांना शब्दच येत नसत. तालमीतच तिचा घसा धरला. सून रश्मी म्हणाली, "पापाजी, गला दुखे तो जाँच करानी थी ना?"

"गाने वाली का गला है, बैठेगा ही."

कुमुद हसली. "माझा आवाज बसला की ह्यांना तेवढीच शांतता."

मी ज्येष्ठमध दिलं. अंग तापलं तेव्हा पॅरासिटामॉल दिली, विसर्जनापर्यंत निभेल म्हणून. ताप उतरायचा, ती गायची. मग तोंडात फोड आले, पाणी गिळवेना, थंडी वाजून ती थरथरू लागली. तेव्हा हॉस्पिटलला निघालो.

अँटिबायोटिक झाली, पेशी वाढवणारी इंजेक्शनं झाली. जंतू तोवर रक्तात पसरले होते. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी एकच वाक्य मनात जुळवत बसायचो. आत गेलो की विचारायचो, "पाणी हवं का?"

श्वासासाठी नळी घालण्याआधी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी तोंड उघडलं, पण आधी तीच बोलली.

"माझ्यामुळे आरत्या राहिल्या. रागावू नका हं."

मी म्हणालो, "असू दे."

ती नळी पुन्हा निघाली नाही. तिने मागितलेली माफी मी देऊन टाकली. माझी मागायची राहिली.